बँकांना मोकळीक दिली की त्या जास्त धोका पत्करतात का?

खातेवही

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊनच बसा.

१ ऑक्टोबर २०२५ ला पतधोरण जाहीर झालं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं आणखी दोन गोष्टी सांगून टाकल्या. नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देण्याबद्दल चर्चापत्र काढणार, ही एक. हे परवाने २००४ पासून बंद आहेत. दुसरी म्हणजे ठेव विम्याचा (बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत पैसे देणारा विमा) बँकेनं भरायचा हप्ता आता तिच्या जोखमीप्रमाणे ठरणार. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत चर्चा झाली ती गृहकर्जाचा हप्ता उतरतो की नाही याची. मला मात्र या दोन बातम्या शेजारी शेजारी वाचून नोकरीतली मधली दहा वर्षं डोळ्यांपुढं उभी राहिली.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका नागरी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. बँकेचं नाव विचारू नका, ती आता नाही.

मी लागलो तेव्हा तालुक्यात आमची एकच नागरी बँक. माणूस कर्ज मागायला आला की चेअरमन आधी त्याच्या वडलांची चौकशी करायचे, मग सातबारा, मग जामीनदार कोण. दहा अर्जांतले सहा परत जायचे. आम्ही फार हुशार होतो म्हणून नव्हे. परत पाठवलेला माणूस जाणार कुठं? त्यामुळं घाई नव्हती. परवाना हीच मोठी इस्टेट होती आणि ती कोण कशाला पणाला लावेल?

१९९३ मध्ये मराठे समितीच्या शिफारशींनंतर परवान्याचे नियम सैल झाले. मे १९९३ ते जून २००१ या आठ वर्षांत देशभरात ८२३ नव्या नागरी बँकांना परवाने मिळाले. आमच्या तालुक्यात दोन आल्या. त्याच काळात व्याजदरावरची बंधनंही एकेक करून गेली. समोरच्या बँकेनं ठेवीला १४ टक्क्यांचा फलक लावला की आम्ही संध्याकाळपर्यंत साडेचौदाचा लावायचो. साडेचौदानं पैसे घेतले तर ते १९-२० नं द्यायला हवेत. आता मला सांगा, २० टक्क्यांनं कर्ज कोण घेतं? ज्याला दुसरीकडं कुणी उभं करत नाही तो.

एक प्रसंग सांगतो. एका व्यापाऱ्याला बेदाण्याच्या तारणावर कर्ज दिलं होतं. शीतगृहात माल तपासायला मी आणि एक शिपाई गेलो. आत दात वाजतील एवढी थंडी, हातात टॉर्च. पुढच्या चार थप्प्या चोख, पेटी फोडली तर हिरवागार बेदाणा. शिपाई पोरगा अंगानं किरकोळ, तो थप्प्यांच्या फटीतून मागं शिरला आणि म्हणाला, "साहेब, ह्या पेट्या हलतात." हात लावला की हलणारी पेटी म्हणजे रिकामी पेटी. मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. कर्ज उपसमितीत चेअरमननी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आपण कर्ज वाढवलं नाही तर समोरचे उद्या वाढवून देतील. खातं जाईल." मार्चला त्या खात्याचं नवं-जुनं झालं, म्हणजे नवं कर्ज देऊन जुनं फिटलेलं दाखवलं. पुढच्या मार्चलाही झालं.

रिझर्व्ह बँकेनंच नंतर सांगितलं की त्या काळात परवाना मिळालेल्या नव्या बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश थोड्याच वर्षांत आजारी पडल्या.

म्हणून प्रश्न. आर्थिक स्वातंत्र्य वाढलं की बँका बेफाम होतात, असा सरळ हिशोब आहे का? माझं मत अजून पक्कं नाही. एक शंका मात्र मनात आहे आणि ती मोकळिकीपेक्षा वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. आधी तुमचं ऐकतो.

शून्य_शिल्लक

पहिला! 😄

काका, आमच्या खात्यात काहीच नसल्यामुळं आम्ही पूर्णपणे जोखीममुक्त आहोत. वाचतोय.

बांधावरची बाभळ

काका, लेख आवडला, पण तुम्ही मोकळिकीवर घसरणार हे पहिल्या परिच्छेदातच कळलं होतं. म्हणून उलट बाजू मांडतो. आम्ही शेतकऱ्याला खुला बाजार मागणाऱ्या शरद जोशींच्या सभांना ट्रॅक्टर भरून गेलेली माणसं, आमच्याकडून हीच अपेक्षा ठेवा.

मोकळीक नव्हती तेव्हा काय होतं ते पाहा. १९९१ च्या सुमारास बँकेत १०० रुपये ठेव आली की १५ रुपये रोख राखीव म्हणून रिझर्व्ह बँकेकडं. साडेअडतीस रुपये सरकारी रोख्यांत, तेही सरकार ठरवेल त्या व्याजानं. उरले साडेसेहेचाळीस. कर्जातले ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला (शेती, लघुउद्योग वगैरे), म्हणजे त्यातले आणखी अठराएक रुपये गेले. बँकरनं स्वतःच्या अकलेनं कुणाला द्यायचे ते राहिले २८. बाकी ७२ रुपयांची अक्कल दिल्लीची!

मग काय, जोखीम संपली? ऐंशीच्या दशकातले कर्जमेळावे आठवा. मंडप टाकून, हार घालून कर्जवाटप. मॅनेजर फक्त सही करायला. आणि १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी. जोखीम तीच, ती घेणारा मात्र बँकेत बसलेला नव्हता.

आणि १९९२ चा रोखे घोटाळा विसरलात की काय? बंधनं सगळ्यात कडक होती तेव्हाच तो झाला. बँकांना सरकारी रोखे गळ्यात बांधले होते, त्यावर कमाई नव्हती. मग दलालांमार्फत आपापसात फिरवाफिरवी सुरू झाली. मागं रोखे नसताना बँक पावत्या (रोखे नंतर देतो अशा चिठ्ठ्या) फाडल्या. त्यात तुमच्याच भागातली बँक ऑफ कराड बुडाली. तुंबलेलं पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या वावरात जातंच.

बरं, आता एनपीएचं, म्हणजे थकीत कर्जांचं बोला. मार्च २०१८ ला सरकारी बँकांची थकीत कर्जं १०० तले १४ रुपये ओलांडून गेली होती. वीज, पोलाद, रस्ते यांच्या कंपन्यांना वाटलेली. मालक सरकार, नियम सरकारचे. तिथं कुठलं आलं स्वातंत्र्य?

मीनल_ठाणे

तुम्ही सगळे मोठमोठे हिशोब मांडताय. माझा छोटा आहे.

आईचे पैसे एका सहकारी बँकेत अडकले होते. नाव नाही घेत. बाबा गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे तिनं तिथं ठेवले, कारण बँक इमारतीखालीच होती, काउंटरवरची मुलगी तिला "काकू" म्हणायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा पाऊण टक्का जास्त मिळत होता. भिंतीवर "लेखापरीक्षण वर्ग अ" असं फ्रेम करून लावलेलं. एका सकाळी शटर अर्ध्यावर, बाहेर रांग आणि दारावर कागद.

आईनं मला विचारलं, "मी काय चूक केली?" मला उत्तर देता आलं नाही. धोका घेणारे कोण होते ते तिला माहीतही नव्हतं. पाऊण टक्क्यासाठी कुणी जोखीम घेतं का हो?

खातेवही

मीनलताई, वाचून वाईट वाटलं. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी थबकलो. आईंनी पाऊण टक्का पाहिला, पण त्या पाऊण टक्क्यामागं काय आहे हे त्यांना दिसायची सोय होती का? "वर्ग अ" चं मला विचाराल तर, आमच्या बँकेलाही शेवटून तिसऱ्या वर्षापर्यंत तो होता.

बाभळराव, बँक ऑफ कराडबद्दल अगदी खरं. तो काळ पाहिलाय. तुमचा मुद्दा डोक्यात ठेवतो. पण नव्या मोकळिकीत आम्ही जे केलं तेही खरंच की ओ.

ताळेबंद

सीए आहे, सहकारी बँकांची ऑडिट केली आहेत. थोडं रूक्ष लिहितो.

सहकारी बँकेचं नाव निघालं की लोक पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं उदाहरण देतात. तिथं मोकळीक हे कारण नव्हतंच. एका कर्जदाराला किती द्यायचं, एका समूहाला किती, याच्या मर्यादा होत्या. तरी एकूण सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जातले साधारण ६,५०० कोटी एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे, म्हणजे ७३ टक्के. हे लपवायला २१ हजारांवर बनावट कर्जखाती दाखवलेली. २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला काढता येत होते फक्त १,००० रुपये. नियमांची जाडी वाढवून हे थांबलं असतं का? नियम मोडण्यासाठीच तर खोटी खाती काढली होती.

मला वाटतं आपण दोन गोष्टींची गल्लत करतोय. धंदा करायची मोकळीक आणि हिशोब लपवायची मोकळीक. दुसरी कुठल्याच शास्त्रात स्वातंत्र्यात मोडत नाही, पण आपल्याकडे तीच मुबलक होती. सहकारी बँकेवर दोन धनी: सहकार खात्याचा निबंधक आणि रिझर्व्ह बँक. दोघांपैकी कुणी बघायचं यावर फाइल फिरत राहायची. बँकिंग नियमन कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा कुठे व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेचा हात पोचला.

प्रश्नचिन्ह

मी एमए अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या सेमिनारचा विषय जवळपास हाच आहे. 🙏 एक विचारू का? आम्ही हेरिटेज फाउंडेशनचा आर्थिक स्वातंत्र्य निर्देशांक वापरतो. त्यात आइसलँड २००८ मध्ये जगात वरच्या वीस देशांत होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. मग निर्देशांकाचं काय करायचं? सर म्हणतात स्वातंत्र्य वाढलं की बँका स्थिर होतात.

ताळेबंद

@प्रश्नचिन्ह, निर्देशांक म्हणजे मिसळ आहे. त्यात न्यायालयं किती चालतात, मालमत्तेचा हक्क किती पक्का, कर किती, व्यापार किती खुला आणि बँकांवर सरकारची पकड किती, हे सगळं एकाच वाटीत घालून एक आकडा काढतात. बँकेच्या जोखमीवर यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या दिशेनं ओढते.

थकीत कर्जाची वसुली होते की नाही, हा मालमत्तेच्या हक्काचा भाग. ती होत असेल तर कर्जदार शहाण्यासारखा वागतो, बँकेची जोखीम कमी होते. आपल्याकडे वसुली न्यायाधिकरणं आली १९९३ मध्ये, सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा देणारा) २००२ मध्ये, दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये. सरफेसी सहकारी बँकांना लागू आहे की नाही हा वाद तर मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे २०२० मध्ये मिटवला. अठरा वर्षं! तोवर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घ्या आणि वसुली अधिकाऱ्याच्या मागे फिरा.

उलट, बँकेनं काय धंदा करावा, किती व्याज द्यावं, कुठे शाखा काढावी, याची मोकळीक दिली तर जोखीम वाढू शकते. एका आकड्यात दोन्ही बेरजेला घातले की उत्तर येतं ते देशागणिक बदलतं. तुम्ही सेमिनारात भाग सुटे करून बघा, सरांनाही आवडेल.

प्रश्नचिन्ह

धन्यवाद सर! आइसलँडचं थोडं वाचलंय ते लिहितो. १९९८ नंतर सरकारी बँका विकायला काढल्या, २००३ पर्यंत विकून झाल्या. पाच वर्षांत तीन बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाला. लांडस्बांकीनं इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये 'आइससेव्ह' नावानं ऑनलाइन ठेवी घेतल्या, तिथल्या बँकांपेक्षा जास्त व्याज देऊन. बुडाल्यावर ठेवीदारांना पैसे दिले ब्रिटिश आणि डच सरकारांनी आणि मग ते आइसलँडकडे मागितले. तिथल्या लोकांनी २०१० आणि २०११ अशा दोन सार्वमतांत "आम्ही नाही देणार" असं सांगितलं. २०१३ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयानंही त्यांच्याच बाजूनं निकाल दिला.

शून्य_शिल्लक

म्हणजे कर्ज काढलं तीन बँकांनी, व्याज खाल्लं इंग्रजांनी, आणि बिल आलं मासे पकडणाऱ्यांना. त्यांनी ते उघडलंच नाही. मानलं बुवा.

खातेवही

आता माझी शंका सांगायची वेळ झाली. शून्यभाऊंनी चेष्टेत तीच सांगितली: बिल कुणाला येतं?

मायकेल कीली नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९९० मध्ये अमेरिकन बँकांबद्दल जे मांडलं ते वाचलं तेव्हा मला आमचा तालुकाच दिसला. स्पर्धा नसते तेव्हा परवान्याची किंमत मोठी असते, बँक बुडाली तर ती किंमत जाते, म्हणून बँक जपून चालते. स्पर्धा आली की परवान्याची किंमत घसरते. गमावण्यासारखं उरत नाही. ठेवीदारांना विमा असतोच, ते कुठं बघायला येणार? मग जुगार खेळायला काय जातंय? जिंकलो तर आपलं, हरलो तर ठेव विमा महामंडळाचं.

अमेरिकेतल्या बचत-कर्ज संस्थांचं हेच झालं. १९८० मध्ये व्याजावरची बंधनं काढायला सुरुवात झाली आणि त्याच कायद्यानं ठेव विमा ४० हजार डॉलरवरून एक लाख डॉलर केला. दोन वर्षांनी कर्ज कशाला द्यायचं याचीही मुभा वाढली. एका हातानं लगाम सोडला, दुसऱ्या हातानं खाली गादी अंथरली. १९८६ ते १९९५ मध्ये हजारावर संस्था बुडाल्या, करदात्यांना सुमारे १२४ अब्ज डॉलरचा खड्डा.

आपल्याकडं? मे १९९३ मध्ये परवाने सैल झाले. त्याच महिन्यात, १ मे १९९३ ला, ठेव विमा ३० हजारांवरून एक लाख झाला. हा योगायोगच असेल. पण आमच्या चेअरमननी पुढं ठेव मेळाव्यात भाषणात सांगितलं होतं, "आता एक लाखापर्यंत भारत सरकारची हमी आहे, डोळे मिटून ठेवा." लोकांनी डोळे मिटून ठेवले.

आणि हप्ता? विमा सुरू झाला १९६२ पासून आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत चांगल्या-वाईट बँकेला एकच दर. अलीकडं शंभर रुपयांना १२ पैसे. रिकाम्या पेट्यांवर कर्ज देणारी बँक आणि जपून चालणारी बँक, दोघी बारा पैसे. तुमच्या गाडीच्या विम्याला चालेल का हे?

बांधावरची बाभळ

हे पटलं. आता तुम्ही आमच्या वाटेवर आलात!

विम्याची जन्मकथाच आमच्या अकोल्याशी जोडलेली आहे, ते सांगायचं राहिलं होतं. १९६० मध्ये आमची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, मग १९६१ चा ठेव विमा कायदा आला. त्या वेळी विमा होता दीड हजाराचा. गरिबाचं पोट भरेल आणि पैसेवाला डोळे उघडे ठेवेल, एवढाच. आता पाच लाख.

मी विमा नको म्हणत नाही. मीनलताईंच्या आईसारख्यांनी ताळेबंद वाचावा असं म्हणणारा माणूस मी नाही. पण ज्यानं धोका घेतला त्याचं घर गेलं का कधी? शेतकऱ्याचा बैल जप्त करता, संचालकाची गाडी दारात तशीच असते. नफ्याचं स्वातंत्र्य दिलं, बुडायचं नाही दिलं. अर्धं स्वातंत्र्य हे पारतंत्र्यापेक्षा महाग पडतं बाप्पा.

ऑकलंडकर

उशिरा आलोय, आमच्याकडे पहाट झाली. न्यूझीलंडबद्दल लिहितो, कारण तुमची चर्चा बरोब्बर इथेच येऊन पोचली आहे.

हा देश सगळ्या निर्देशांकांत वर असतो. १९८४ नंतर इथे व्याजदर, परकीय चलन, शाखा सगळं खुलं झालं. आणि ठेव विमा? नव्हताच! १ जुलै २०२५ ला सुरू झाला, एक लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंत. त्याआधी कित्येक दशकं बँक बुडाली तर कायद्यानं तुम्हाला हमी नव्हती. त्याऐवजी १९९६ पासून दुसरा मार्ग धरला. बँकेनं ठरावीक काळानं आपली स्थिती जाहीर करायची आणि त्यावर प्रत्येक संचालकानं स्वतः सही करायची. मजकूर खोटा निघाला तर तो माणूस वैयक्तिक जबाबदार, दंड आणि तुरुंगसुद्धा.

या काळात इथे मोठी बँक बुडाली नाही. पण लगेच टाळ्या वाजवू नका. चारही मोठ्या बँका ऑस्ट्रेलियन मालकीच्या, मागे दांडगा पालक उभा. त्या बाजूला ठेवल्या तर फायनान्स कंपन्यांचं काय झालं? २००६ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत डझनावारी कोसळल्या, निवृत्त लोकांची पुंजी गेली. बांधकामाच्या दुय्यम कर्जात अडकलेल्या. तिथे हमी नव्हती तरी लोकांनी डोळे मिटूनच पैसे ठेवले होते. म्हणजे विमा नसला की ठेवीदार आपोआप शहाणा होतो, हेही खरं नाही.

आता खरी गंमत. ऑक्टोबर २००८ मध्ये जगभर घबराट, म्हणून सरकारनं ठेवींना तात्पुरती हमी दिली, फायनान्स कंपन्यांनाही. साउथ कँटरबरी फायनान्स ही त्यातली एक. हमी मिळाल्यावर तिच्याकडे ठेवींचा ओघ लागला, आणि तो पैसा आणखी धोक्याच्या कर्जात गेला. ऑगस्ट २०१० मध्ये ती बुडाली. सरकारनं ठेवीदारांना सुमारे १.६ अब्ज डॉलर दिले. तोच देश, तेच कायदे, तीच मोकळीक. बदललं एवढंच की बिल कुणाला जाणार ते.

ताळेबंद

वा! हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी, नाहीतर धागा एकाच बाजूला कलंडेल. स्पर्धेनं जोखीम वाढतेच असं नाही. बॉइड आणि डी निकोलो यांनी २००५ मध्ये उलटा धागा पकडला. कर्जाच्या बाजूला स्पर्धा असली तर व्याज उतरतं, आणि कमी व्याजात धंदेवाला जुगार खेळत नाही, सरळ धंदा करतो. काकांच्या गोष्टीत २० टक्क्यांनं घेणारा व्यापारी रिकाम्या पेट्या रचतो. तोच १० टक्क्यांनं घेता तर कदाचित भरलेल्या ठेवता.

१९९३ मध्ये खाजगी बँकांनाही दारं उघडली. त्या पहिल्या फळीत एचडीएफसी, आयसीआयसीआय आहेत आणि ग्लोबल ट्रस्ट बँकही आहे, जी जुलै २००४ मध्ये निर्बंधाखाली येऊन महिन्याभरात ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. मोकळीक सगळ्यांना सारखीच मिळाली होती.

येस बँकेचंही तसंच. ऑक्टोबर २०११ मध्ये बचत खात्याचा व्याजदर खुला झाल्याबरोबर तिनं सहा टक्के दिले, इतर चारवर होते. पैसा आला, तो जिथे इतर बँका कचरत होत्या तिथे गेला. ५ मार्च २०२० ला पैसे काढायला ५० हजारांची मर्यादा. ठेवीदारांचे पैसे शेवटी वाचले. बुडाले ते भागधारक आणि एटी-वन रोख्यांत (बँक अडचणीत आली तर शून्य होऊ शकणारे रोखे) ज्यांनी ८,४१५ कोटी घातले होते ते. कोर्टकज्जे झाले, पण बिल निदान थोडंफार योग्य पत्त्यावर गेलं.

मीनल_ठाणे

ताळेबंद, त्या एटी-वन रोख्यांतही एफडीच समजून पैसे घातलेले निवृत्त लोक होते. पेपरात वाचलंय मी. काउंटरवर "एफडीसारखंच, पण व्याज जास्त" असं सांगून विकले होते. "योग्य पत्ता" म्हणताना जरा जपून.

ताळेबंद

बरोबर आहे. शब्द मागे घेतो.

शून्य_शिल्लक

अवांतर: आमच्या चाळीच्या पिग्मी एजंटला आत्ताच विचारलं, तुमच्या पतसंस्थेला ठेव विमा आहे का? म्हणाला, "आहे की, मी आहे ना." 🤦

(पतसंस्थांना हा विमा नसतो, बरोबर ना काका?)

खातेवही

बरोबर. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. केंद्राचा ठेव विमा तिला लागू नाही. फलकावर ते बारीक अक्षरांतही नसतं.

मीनलताई, तुमचा टोला ताळेबंदांना होता, पण मलाही लागला.

ऑकलंडकर, संचालकाच्या सहीबद्दल. आमच्या कर्ज उपसमितीत पाच जण बसायचे. इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" एवढंच यायचं. एकदा मी चाचरत विचारलं होतं की मंजुरीपुढं ज्या त्या संचालकाचं नाव आणि सही घेऊ का. सगळे हसले. चेअरमन म्हणाले, "सहकार आहे हा, इथं 'मी' नसतो." माझी सही मात्र प्रत्येक तपासणी अहवालावर आहे. बँक बंद झाल्यावर चौकशी अधिकाऱ्यानं पहिली नोटीस मला धाडली. शीतगृहाच्या अहवालाची कार्बन प्रत घरच्या ट्रंकेत ठेवली होती म्हणून सुटलो.

बांधावरची बाभळ

काका, हे आधी सांगायचं होतं ना! धाग्याच्या खाली काय लपवून ठेवता.

मग नव्या परवान्यांबद्दल तुमचं मत काय? द्यावेत का?

खातेवही

द्यावेत. जिथं एकच बँक आहे तिथं सहा अर्ज परत जायचे असं मी वर अभिमानानं लिहिलं, पण त्या सहांत चांगली माणसंही होती. एक जण कर्जाशिवाय गाव सोडून पुण्याला गेला, आज त्याचा छपाईचा मोठा कारखाना आहे. आमच्या जपून चालण्याची ती किंमत कुठल्या ताळेबंदात आली? परवाने द्या, पण मंजुरीपुढं नाव लिहा, भांडवल जास्त मागा आणि विम्याचा हप्ता खरोखर जोखमीप्रमाणे घ्या. आणि तो हप्ता शाखेच्या दारावर लावा. बारा पैसे का सोळा पैसे, एवढं मीनलताईंच्या आईंना वाचता येईल.

ताळेबंद

दारावर लावणार नाहीत. लावला की त्याच दुपारी रांग लागेल, म्हणून तो गुप्त ठेवण्याकडेच कल असतो. पण मागणी रास्त आहे.

प्रश्नचिन्ह

काका, शेवटचा प्रश्न, राग मानू नका. तुम्ही स्वतःचे पैसे कुठे ठेवता?

खातेवही

राग कसला, हे कुणीतरी विचारणारच होतं.

निवृत्तीचे पैसे पाच बँकांत फोडून ठेवलेत. प्रत्येकीत चार लाख साठ हजार, कारण पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, हे लोकांना माहीत नसतं. दोन राष्ट्रीयीकृत, एक खाजगी, एक जुनी नागरी बँक.

पाचवी एक लघुवित्त (स्मॉल फायनान्स) बँक आहे, ज्येष्ठ नागरिकांना सव्वाआठ टक्के देते. तिचा ताळेबंद मी पाहिलेला नाही. पाच लाखांच्या आत आहे ना, म्हणून बघायची गरज वाटली नाही. परवा बायकोनं विचारलं, "एवढं व्याज कसं काय देतात हो?" मी म्हटलं, "देतात झालं, आपल्याला काय करायचंय?"